हंगाम संपल्यावर कामगार आकड्यांतून कुठे जातात?

बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार महिला घ्या. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. दिवाळीच्या आसपास नवरा-बायकोचा कोयता कारखान्यावर जातो, गाळप संपलं की परत. आता जूनमध्ये पीएलएफएसचा सर्वेक्षक दारात आला, तर ती बेरोजगार का?

ते मोजमापावर ठरतं. 'नेहमीची स्थिती' मागचे 365 दिवस बघते. 30 दिवसांचं दुय्यम कामही त्यात चालतं. म्हणजे ती रोजगारात. 'चालू साप्ताहिक स्थिती' फक्त मागचे 7 दिवस बघते. त्यात तासभरही काम नसेल तर पुढचा प्रश्न: काम शोधत होतात का, मिळालं तर करायला तयार होतात का? 'हो' म्हटलं तर बेरोजगार. 'नाही, घरचंच बघते' म्हटलं की ती श्रमबलातूनच बाहेर.

खरी मेख इथे आहे. समजा, हंगामात 60 जण कामावर होते. नंतर 30 जणांचं काम गेलं. त्यातले 10 'तयार आहोत' म्हणाले, 20 नाही. दर 30 भागिले 60, म्हणजे 50 टक्के येत नाही. 10 भागिले 40, म्हणजे 25 टक्केच येतो.

2025 पासून साप्ताहिक स्थितीचे मासिक आकडेही येतात. ते सलग महिन्यांत ताडण्यापेक्षा मागच्या वर्षीचा तोच महिना घ्या (दिवाळी कधी होती तेही बघा!) आणि शेजारी श्रमबल सहभाग दर ठेवा. माझ्या पहिल्या मसुद्यात तो रकानाच नव्हता. गाईडचा लाल पेन तिथेच थांबला.