पणजीच्या तसबिरीचे रंग

माजघराच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या खालच्या ओळींत, एखादें काळवंडलेलें छायाचित्र पुष्कळ जुन्या घरांत टांगलेलें असे. पुढें वाडे पडले, बिऱ्हाडें फ्लॅटांत आलीं, आणि तें छायाचित्र माळ्यावरच्या ट्रंकेंत गेलें. मग एखाद्या मुंजीच्या निमित्तानें ट्रंक उघडली जाते, नातवंडें काच पुसतात, आणि डोईवरून पदर घट्ट ओढलेली, मांडीवर मूल घेऊन खुर्चींत ताठ बसलेली एक वृद्धा दिसूं लागते. ही पणजी, असें कोणी सांगतें. तिचें लुगडें काळें दिसतें, मुलाचें झबलें पांढरें दिसतें, आणि डाव्या कोपऱ्यास बुरशीचा मोठा डाग असतो. तेव्हां सहजच कोणाच्या तरी मनांत येतें कीं, हें नीट करून, रंगवून, पुन्हां भिंतीवर लावावें.

इच्छा चांगली आहे. मात्र तींत दोन निरनिराळीं कामें एकत्र झालेलीं असतात. झिजलेलें भरून काढणें हें एक, आणि कागदावर कधीं नव्हताच तो रंग चढविणें हें दुसरें. पहिल्या कामाचा आधार छायाचित्रांतच सांपडतो. दुसऱ्याचा बाहेरून आणावा लागतो.

१९३० च्या सुमाराचें असलें छायाचित्र बहुधा ब्रोमाइड कागदावर असतें. कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरांत चांदीचे काळे दिसणारे सूक्ष्म कण, एवढाच त्याचा सारा संसार! पावसाळ्यांत जिलेटिन ओल शोषून फुगतें आणि काचेस चिकटतें. बुरशीला व कसरीला तें खाद्यच होय. छाप धुतांना हायपोचा अंश राहून गेला असेल, तर त्यांतील गंधक हळूहळू चांदीस ग्रासतो आणि चित्र पिवळें पडून विटतें. तिरप्या उजेडांत कडेला आरशासारखी निळसर चकाकी दिसते, ती थरांतून वर येऊन बसलेली चांदीच असते.

म्हणून काचेस चिकटलेलें छायाचित्र ओढून काढूं नये. चेहऱ्याचा थर काचेवरच राहण्याचा संभव असतो. तें काचेसकट स्कॅनरवर ठेवावें. ओल्या फडक्यानें पुसणें आणि फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावणें, हे दोन्ही घरगुती उपाय मूळ रोगापेक्षां वाईट. स्कॅन करतांना इंचाला निदान ६०० बिंदू असावेत, आणि चित्र कृष्णधवल असलें तरी तें रंगीतच टिपावें. यांत एक मौज आहे. रंगीत प्रतींत तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन थर वेगळे पाहतां येतात. पिवळा डाग निळ्या थरांत काळाकुट्ट दिसतो आणि तांबड्या थरांत जवळजवळ नाहींसा होतो. पुष्कळसें डागकाम तेवढ्यानेंच उरकतें.

भिंतीचा किंवा खुर्चीचा फाटलेला भाग शेजारच्या भागावरून भरण्यास कोणाची हरकत नसावी. डोळा फाटला असेल तर मात्र थांबावें. हल्लींचे संगणकी कार्यक्रम हजारों चेहरे पाहून शिकलेले असतात. ते अस्पष्ट डोळ्याच्या जागीं टवटवीत, पाणीदार डोळा काढून देतात. तो डोळा सुंदर असतो, पण पणजीचा नसतो.

आतां रंगाकडे वळावें. त्या काळच्या साध्या प्लेटा निळ्या उजेडास अतिशय हळव्या आणि तांबड्यास जवळजवळ आंधळ्या असत. १८७३ सालीं हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें रंगद्रव्यें मिसळून प्लेटेला हिरवा उजेड दिसूं लागेल अशी युक्ति शोधून काढली. तांबड्यासह सर्व रंग टिपणाऱ्या प्लेटा १९०६ सालीं विलायतेंत विक्रीस आल्या. पण त्या संपूर्ण अंधारांत हाताळाव्या लागत. जुन्या प्लेटांचें काम तांबड्या दिव्याच्या उजेडांत होई, म्हणून लहानसहान स्टुडिओंना त्याच सोयीच्या वाटत. परिणाम असा कीं, कुंकू काळें उमटे आणि आकाशी रंग पांढरा. लोकमान्य टिळकांची तांबडी पगडी छायाचित्रांत काळी दिसते ती याच कारणानें. सांवळ्या वर्णांतही तांबूस-पिवळी छटा असते, तेव्हां माणूस होता त्याहून काळा दिसे. किती काळा, हें मात्र नुसत्या चित्रावरून ठरवितां येत नाहीं.

या दृष्टीनें पणजीकडे पुन्हां पाहावें. कपाळ मोकळें आहे. मनगटें उघडीं आहेत. पदराखालीं केसांची रेघ कोठेंच दिसत नाहीं. सोंवळ्या केलेल्या ब्राह्मण विधवेचें वस्त्र बहुधा तांबडें आलवण असे, क्वचित् पांढरें. पांढरें असतें तर तें पांढरेंच उमटलें असतें. अर्थात् हें काळें लुगडें काळें नाहीं. तें तांबडें आलवण आहे.

यंत्रास हें कळत नाहीं. २०१६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनीं दहा लाखांहून अधिक रंगीत चित्रांचे रंग काढून घेऊन ते पुन्हां ओळखण्यास संगणकास शिकविलें. आजचे कार्यक्रम याच मार्गानें पुढें गेले आहेत. यंत्र सांगतें तें इतकेंच कीं, अशा आकृतीवर असा रंग पुष्कळदां पाहिला आहे. त्या पुष्कळांत आलवण कोठून असणार? तें पणजीस गडद निळें किंवा कॉफीच्या रंगाचें लुगडें नेसवून मोकळें होतें.

घरची माणसें याहून पुढें जातात. दिवाणखान्यांत आलवण कशाला, हिरवें लुगडें द्या, वर्णही जरा उजळा, असें कारागिरास प्रेमानें सांगितलें जातें. अशा प्रेमाचें टोंक कोठें जातें तें २०२१ सालीं दिसलें. कंबोडियांतील तुओल स्लेंग तुरुंगांत १९७५ ते १९७९ या काळांत हजारों माणसें मृत्यूच्या वाटेस लावण्यांत आलीं. त्या कैद्यांचीं छायाचित्रें एका कलाकारानें रंगविलीं, आणि कांहींच्या चेहऱ्यांवर हसूं आणलें. त्या देशाच्या सांस्कृतिक मंत्रालयानें निषेध केला आणि तीं प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळानें मागें घेतलीं. पणजीचें दुःख त्या मापाचें नव्हतें हें खरें. पण तें तिचेंच होतें, आणि हिरवें लुगडें नेसविल्यावर चित्रांत उरते ती कोणी दुसरीच बाई.

रंग भरूंच नयेत असा याचा अर्थ नव्हे. आधार मिळत असेल तर ते अवश्य भरावेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जुनीं वस्त्रें आणि नित्याच्या वापरांतील जिन्नस पाहावयास मिळतात. ट्रंकेच्या तळाशीं एखादी चौघडी असते, आणि तिच्या आंतल्या घडीचा रंग उन्हापासून वांचलेला असतो. पण सर्वांत आधीं, मांडीवरच्या त्या मुलाची धाकटी बहीण नव्वदी ओलांडून कोठें हयात असेल, तर तिच्याकडे जावें. आलवण निराळ्या दांडीवर वाळत असे आणि मुलांनीं त्यास शिवावयाचें नसे, हें ती न विचारतां सांगेल. झबल्याविषयीं कदाचित् तिला कांहींच सांगतां येणार नाहीं.

मग मूळ छायाचित्र आम्लविरहित कागदांत गुंडाळून कोरड्या कपाटांत ठेवावें, आणि भिंतीवर लावावयाच्या नव्या प्रतीच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें लिहावें: लुगडें तांबडें, आत्याच्या सांगण्यावरून, झबलें आकाशी, अंदाजानें, डावा कोपरा नवा.