पद संपल्यावर नाटक कुठे असते?

संगीत नाटक पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचे बोलणे बहुधा एकाच गोष्टीभोवती फिरते, ती म्हणजे गळा. कोणाची तान स्वच्छ गेली, तार षड्जावर कोण किती ठरले, जुन्या गायकांची आठवण कोणी करून दिली. भूमिकेविषयी बोलणे झालेच तर शेवटी, 'कामही बरे केले' इतक्यावर भागते. या सवयीने संगीत नाटकाचे मोठे नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. संगीत नाटकातल्या नटाची पारख एका साध्या प्रश्नाने व्हायला हवी. पद सुरू झाले तेव्हा नाटक जिथे होते, तिथून ते पद संपेपर्यंत पुढे सरकले का? पात्राच्या मनात काही ठरले, मोडले, उघडे पडले का? तसे झाले असेल तर बेताचा गळाही नाट्यगृह जिंकतो. तसे झाले नसेल तर तयारीचे गाणेसुद्धा नाटकात उपरेच राहते. मराठी संगीत नाटकाचा जवळजवळ दीडशे वर्षांचा प्रवास या एका प्रश्नाच्या उजेडात पाहिला, तर त्याचे चढउतार नीट उलगडतात.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराचे होते. तो गाऊन कथा सांगे आणि पात्रे आपापली भाषणे बहुतांशी आयत्या वेळी रचून बोलत. गाणे नाटकात होते, पण ते पात्राचे नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणले आणि गाणे थेट पात्राच्या तोंडी दिले. बदल एवढाच, पण त्यातून नवा नाट्यप्रकार उभा राहिला. आता शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाणार होती. दोन वर्षांनी आलेल्या 'सौभद्रा'त ही दृष्टी अधिक पक्की झालेली दिसते. साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातल्या आणि कानडी चाली असे लोकांच्या कानावरचे साहित्य किर्लोस्करांनी घेतले. पदे आटोपशीर ठेवली आणि संवाद जिथे थांबतो तिथूनच ती उचलली. सुभद्रेला दुर्योधनाला देण्याचा बलरामाचा हट्ट, तिची घालमेल, संन्याशाच्या वेषातला अर्जुन आणि सगळे जाणून गंमत पाहणारा कृष्ण यांच्यातली ओढाताण पदांमधूनच पुढे जाते. भाऊराव कोल्हटकरांचा गळा असामान्य होता यात शंका नाही. पण त्यांची सुभद्रा गाजली, कारण त्या गळ्याला सुभद्रेचे म्हणून काही सांगायचे होते आणि ते नाटककाराने पदात भरून ठेवले होते.

गोविंद बल्लाळ देवलांनी हे सूत्र घरगुती भाषेत आणले. १८९९ च्या 'शारदा' नाटकात पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या मुलीला जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. त्या मुलीच्या तोंडची पदे इतकी सोपी आहेत की ती म्हणायला मोठी तालीम लागत नाही, आणि तशी ती असण्याला कारण आहे. भ्यालेली, लाजणारी, बापापुढे तोंड न उघडू शकणारी मुलगी दुसऱ्या कोणत्या रीतीने गाणार? या पदांमध्ये आलापांची बरसात करणारी नटी आपला गळा दाखवील, पण शारदेचे वय हरवून बसेल. पदाची चाल, तिची लांबी, तिचा अवघडपणा हे सारे पात्राच्या वयाने, स्वभावाने आणि प्रसंगाने ठरायला हवे, हा धडा देवलांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच घालून दिला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मराठी संगीत नाटकाचे वैभव १९११ च्या 'मानापमाना'पासून पुढे बहरले, आणि ते वैभव रागदारीचे होते. गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमाना'त पूरब ढंगाच्या चाली आणल्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'साठी भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींच्या चाली दिल्या. साथीला अहमदजान थिरकवांसारखे तबलानवाज बसले. प्रेक्षक 'वन्समोअर'चा गजर करत, एकेक पद पुन्हा पुन्हा घेतले जाई आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. मग त्या प्रेक्षकाला नाटक कळत नव्हते म्हणायचे का? आणि त्यातल्या नायिका रंगवणारे बालगंधर्व निव्वळ गवई होते म्हणायचे का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. 'मानापमाना'तली भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला गरीब म्हणून झिडकारते आणि पुढे वनमाला होऊन साध्या वेषात त्याच्यासमोर येते. गाणारा गळा एकच, पण आधीच्या पदांत मान वर आहे आणि नंतरच्या पदांत ती हळूहळू झुकते. हा प्रवास सुरांतून दाखवता येतो म्हणूनच ते नाटक शंभर वर्षे टिकले. बालगंधर्वांचे मोठेपण त्यांच्या शब्दोच्चारात होते. रागाचा विस्तार करतानाही शब्द तुटू न देण्यात आणि लाज, राग, आर्जव हे भाव स्वरांवर तोलून धरण्यात होते. तान त्यांच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. बाईच्या मनाची इतकी बारीक छटा सुरात पकडणारा नट मात्र विरळाच.

'एकच प्याला' हा याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. त्याचे लेखक राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी हे नाटक बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले. भरजरी शालूंसाठी ओळखले जाणारे बालगंधर्व इथे ठिगळांच्या लुगड्यात उभे राहिले. पदे वि. सी. गुर्जरांची, आणि चालींना सुंदराबाईंच्या गाण्यातल्या लडिवाळ ढंगाचा आधार. दळणकांडण करून घर चालवणारी सिंधू मुलाला खेळवताना गाते, तेव्हा तिथे पल्लेदार तानेला जागाच नाही. त्या पदांमध्ये एक आई स्वतःला आणि लेकराला धीर देते आहे, आणि तो धीर खरा नाही हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. तिच्यासमोर तिच्या नवऱ्याच्या, सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते. बोडस गायक नट म्हणून नावाजलेले नव्हते, तरी 'संशयकल्लोळा'तला फाल्गुनराव, 'मानापमाना'तला लक्ष्मीधर आणि हा सुधाकर यांनी संगीत रंगभूमीवर गायक नटाच्या तोडीचा मान मिळवला. गद्य इतके भक्कम होते म्हणून पद उठून दिसे. नाटक नेऊन सोडील तिथूनच पद वर उडी घेते, हे त्या काळच्या चांगल्या मंडळ्यांना नेमके कळले होते.

तरीही ऱ्हासाचे बीज याच सुवर्णकाळात पडले, हेही मान्य केले पाहिजे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत 'संयुक्त मानापमान' केले. मराठी रंगभूमीच्या इतिहासातला तो अभिमानाचा प्रसंग आहे, आणि त्यामागची देशभक्ती निर्विवाद आहे. पण दोन गळ्यांचा सामना पाहायला लोक लोटतात, हेही त्या रात्री सिद्ध झाले. पुढे सामान्य मंडळ्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला, की गळा असला म्हणजे झाले. संहिता सैल झाल्या आणि गद्य म्हणजे दोन पदांमधला उरकण्याचा भाग बनला. मग १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. बोलपटाने संगीत नाटक मारले, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. गाणी ऐकण्याची हौस बोलपटाने कमी पैशांत आणि कमी वेळात भागवली, एवढे खरे. म्हणजे ज्यांनी प्रेक्षकाला केवळ गाण्यासाठी बोलावले होते त्यांचा प्रेक्षक गेला. समोर उभा असलेला, याच क्षणी निर्णय घेणारा आणि तो निर्णय सुरात सांगणारा माणूस पडद्याला हिरावून नेता येत नव्हता. 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' केले, तेव्हा हीच गोष्ट ओळखली. केशवराव भोळ्यांनी मोजकी, भावगीताच्या वळणाची पदे दिली, ज्योत्स्ना भोळे यांनी ती गायली, आणि बाईची भूमिका बाईने करायची ही रीत प्रतिष्ठित व्हायला मदत झाली.

साठच्या दशकातले पुनरुज्जीवनही याच मार्गाने आले. जितेंद्र अभिषेकी यांनी 'मत्स्यगंधा', 'ययाति आणि देवयानी' या नाटकांत पदे आखूड केली आणि शब्दाला पुन्हा मानाची जागा दिली. त्यांनीच संगीत दिलेले 'लेकुरे उदंड जाली' तर याहून धाडसी. वसंत कानेटकरांच्या या नाटकात श्रीकांत मोघे यांच्यासारख्या नटाला बोलण्याला अगदी लगटून चालणारी पदे मिळाली. मूल नसलेल्या जोडप्याची चिडचिड, थट्टा आणि आतली रुखरुख त्यातून सहज बाहेर येते. शास्त्रीय तयारी नसलेला नटही संगीत नाटक पेलू शकतो, हे त्यातून उघड झाले. आणि त्याच अभिषेकींनी पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, 'कट्यार काळजात घुसली'ला भरगच्च रागसंगीत दिले.

'कट्यार' पुढे करून कोणी म्हणेल की लोक तर वसंतराव देशपांड्यांचे गाणे ऐकायलाच जात होते. पण तिथे गाणे हाच नाट्यविषय आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दोन घराण्यांचा संघर्ष लिहिला आणि अभिषेकींनी भानुशंकर व खाँसाहेब यांना दोन वेगळ्या गायकी दिल्या. गाणे शिकू पाहणारा सदाशिव जे चोरून ऐकतो, जे त्याला मिळत नाही, जे शेवटी त्याच्या गळ्यातून उमटते, ते सारे सुरांतच घडते. खाँसाहेबांच्या तानेत आक्रमकता आहे, अहंकार आहे आणि त्याखाली विद्येवरचे निखळ प्रेमही आहे. वसंतरावांचा खाँसाहेब तान घेताना डोळ्यांनी समोरच्याला जोखत असे, आणि ती नजर तानेचाच भाग होती. ही भूमिका केवळ गायकाला पेलणारी नाही. म्हणजे 'लेकुरे'तली बोलकी पदे आणि 'कट्यारी'तली भारदस्त गायकी एकाच कसोटीला उतरतात. कमी गाणे चांगले आणि जास्त गाणे वाईट असा हिशेब इथे नाहीच. जे गाणे पात्राच्या गरजेतून येते तेच चांगले.

दुसरा आक्षेप रसिकांच्या आनंदाचा आहे. गाणे ऐकून लोक सुखावतात, त्यात बिघडले काय? काहीच नाही. नाट्यपदांची मैफल ही स्वतंत्र आणि सुंदर गोष्ट आहे, आणि तिने अनेक चाली जिवंत ठेवल्या आहेत. बिघडते ते मैफलीची मोजपट्टी नाटकाला लावल्याने. जुने नाटक उचलताना गद्य छाटायचे, पदे तेवढी ठेवायची, आणि नट माइकसमोर येऊन प्रेक्षकांकडे तोंड करून गाणार, तोवर समोरचे पात्र हात बांधून उभे. अशा प्रयोगात पद सुरू होताच नाटक थांबते. ऐकणारे पात्र हे पदाचे निम्मे अंग असते, हे आपले दिग्दर्शक फार वेळा विसरतात. सिंधू गात असताना सुधाकर काय करतो, यावर त्या पदाचा अर्थ ठरतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गाता येते आणि अभिनयही येतो असे नट आता मिळतात कुठे? ही अडचण खरी आहे, पण आजच्या तंत्राने तिचा अर्धा भार हलका केला आहे. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा खडा आवाज ही पहिली अट होती आणि कितीतरी भावपूर्ण नट तिथेच गळत. आता कपड्याला लावलेल्या छोट्या माइकमुळे पुटपुटल्यासारखे गायलेले पदही पोहोचते. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, अभंग, लावणी असे सारे वापरून गाणारी माणसांची भिंतच उभी केली. तिथे एकट्याच्या गळ्यापेक्षा समूहाची लय महत्त्वाची ठरली. अलीकडचे 'संगीत देवबाभळी' तर फक्त दोघींचे नाटक. प्राजक्त देशमुखांनी तुकारामांची आवली आणि लखुबाईच्या रूपाने तिच्या घरी आलेली रखुमाई यांना समोरासमोर बसवले आणि आनंद ओक यांनी संगीत दिले. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांनी अभिनय आणि गाणे दोन्ही पेलले. पायात काटा रुतलेली, दिवस गेलेली, विठ्ठलावर चिडलेली आवली जेव्हा गाते तेव्हा तिचा सूर सरळ येतो, राग आणि थकवा घेऊन येतो. या नाटकाला तरुण प्रेक्षकांनी गर्दी केली. संगीत नाटकाला प्रेक्षक नाही, ही तक्रार त्यानंतर तरी करता येत नाही.

म्हणून अपेक्षा बदलायला हवी ती प्रथम आपली, प्रेक्षकांची. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांना वेगळे स्थान आहे. तिथल्या परीक्षकांनी गायनाचे गुण देताना ते पद त्या पात्राचे वाटले का, हा प्रश्न पहिला विचारावा. गायन शिकवणाऱ्या गुरूंनी नाट्यपद देताना चालीआधी प्रवेश वाचून घ्यावा. कोण, कोणाला, कशासाठी गाते आहे, हे विद्यार्थ्याला सांगता आल्याशिवाय सूर लावू देऊ नये. नाट्यशाळांनी आवाजाच्या तालमीत गाण्याचा तास सक्तीचा करावा. आणि टाळी देताना आपण क्षणभर थांबून पाहावे, की ही टाळी तानेला आहे की त्या माणसाला काही उमगले, त्याला आहे. किर्लोस्करांनी गाणे पात्राच्या ओठांवर ठेवले ते त्याचे मन कळावे म्हणून. ते तिथेच राहावे, ही जबाबदारी नटाइतकीच आपलीही आहे. आपण जे मागू, तेच रंगमंचावर येईल.