आयटी आणि एलएलबी : दोन पदव्यांचा मेळ कसा घालावा?

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आल्यापासून इंदूरच्या मराठी घरांत कॉम्प्युटरच्या शिक्षणाकडे ओढा वाढला आहे. याच शहरात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे खंडपीठही आहे. आयटी आणि कायदा दोन्ही शिकावे का, असे मुले विचारतात. जरूर शिकावे, फक्त क्रम आधी ठरवावा.

या जोडीची गरज जालन्याच्या एका खटल्यातून कळते. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा. मूळ उपकरणाऐवजी नक्कल सादर करायची, तर कायद्याने प्रमाणपत्र लागते. पण मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे सांगितले. मात्र येथे ते मिळवण्याचे सर्व प्रयत्न झाले होते, म्हणून निवडणूक रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच; फाइलमधले एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. व्हॉट्सॲप संदेश असो की सीसीटीव्हीचे चित्रण, हे समजणारा वकील योग्य प्रश्न विचारू शकतो.

मार्ग दोन आहेत :

1. आधी बीई, बीसीए किंवा बीएस्सी आणि नंतर तीन वर्षांचे एलएलबी. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान 45 टक्के गुण लागतात.

2. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम. भोपाळच्या राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठात सायबर सुरक्षेसह बीएस्सी एलएलबी आहे.

बार कौन्सिलचे काही नियम प्रवेशापूर्वीच ध्यानात घ्यावेत. एलएलबी चालू असताना दुसरी नियमित पदवी करता येत नाही. कॉम्प्युटरचा अल्पकालीन अर्धवेळ प्रमाणपत्र कोर्स किंवा दूरशिक्षण चालते. एलएलबी मात्र दूरशिक्षणाने होत नाही आणि 70 टक्के हजेरी लागते. त्यामुळे दिवसभराची नोकरी सांभाळून हे जमेल, असे गृहीत धरू नये. वकिलीसाठी सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षाही आहे. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकाच वेळी चालत नाही.

म्हणून पालकांनी मुलाला आधी एवढेच विचारावे : कोर्टात उभे राहायचे आहे, की कंपनीत बसून करार आणि डेटा संरक्षणाचे काम पाहायचे आहे? पहिल्यासाठी सनद हवीच. दुसऱ्यासाठी एलएलबीनंतरही नोकरी करता येते.