सहलीच्या फॉर्मवर सही केली, म्हणजे हक्क संपला का?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये सहलीचे फॉर्म वाटले जातात. वर ठिकाण, तारीख, पैसे आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: ‘अपघात झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ शिक्षिका म्हणून असे गठ्ठे दरवर्षी माझ्या हातून जातात. बहुतेकांवर अब्बूंची सही असते, न वाचता केलेली. उर्दू माध्यमाच्या घरांत तर मूलच बोट ठेवून सांगतं, “यहाँ साइन करो.”

वॉटर पार्कचं तिकीट, मॉलमधलं ट्रॅम्पोलिन, तारकर्लीचं स्कूबा, जिमचा फॉर्म, सगळीकडे हीच ओळ. पुढे मुलाचा हात मोडला की घरातच कुणीतरी म्हणतं, “आपणच सही करून दिली, आता कोणत्या तोंडाने बोलणार?” आणि विषय तिथेच मिटतो. तो तसा मिटवायची गरज नाही.

धोका दोन प्रकारचा असतो. मूल धावताना स्वतःच घसरलं, तर तो खेळातलाच धोका; तुम्ही तो माहीत असून पत्करला आणि तिथे सहीला वजन आहे. पण पट्टा जुना होता, लाइफ जॅकेट दिलं नाही, बोटीत जास्त माणसं भरली, हा निष्काळजीपणा. त्याला तुम्ही संमती दिलेली नसते. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते. अशा वेळी पोलीस गुन्हा नोंदवतात. खासगी कागदावरच्या सहीने तो थांबत नाही.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २८ प्रमाणे ‘मी कोर्टात जाणारच नाही’ असं लिहून घेतलेला करार रद्दबातल असतो. कलम ११ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला करार करताच येत नाही, म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या सतरा वर्षांच्या पोराकडून घेतलेलं हमीपत्र त्याला बांधत नाही. ‘मालकाच्या जोखमीवर’ या पाटीचंही तसंच. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून १९९८ मध्ये मारुती झेन चोरीला गेली होती. गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी पावतीवरच्या ओळीने झटकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. ते प्रकरण गाडीचं होतं. मुलाच्या जिवाला त्याहून कमी काळजी पुरेल, असं कोण म्हणेल?

दाद कुठे मागायची, इथे मात्र एक अडचण आहे. पार्क, जिम, बोटवाला यांच्याविरुद्ध पैसे भरणारा ग्राहक म्हणून ग्राहक आयोगात जाता येतं. शाळेविरुद्ध तो रस्ता अवघड आहे: राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये सहल, पोहणं असे उपक्रमही शिक्षणातच धरले आणि संस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं. तिथे दिवाणी दावाच करावा लागतो आणि त्यासाठी वकील लागतो.

याचा अर्थ फॉर्म फाडून टाका असा नाही. सहलीला परवानगी हवीच, आम्हा शिक्षकांनाही ती लागते. पण आजाराचा रकाना खरा भरा. दमा, फिट, ॲलर्जी लपवली तर उद्या समोरचा वकील तोच कागद दाखवेल. (फिटचा आजार मुलीच्या लग्नाच्या काळजीने लपवणारे पालक मी पाहिलेत. शिक्षकाला तरी कानात सांगा.) पटत नसेल ती ओळ खोडून बाजूला सही करा, नाहीतर ‘शाळेच्या निष्काळजीपणाला माझी संमती नाही’ एवढं हाताने लिहा. मुख्याध्यापक कुरकुर करतील, करू द्या. आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो ठेवा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: किती मुलांमागे किती शिक्षक, पाण्यात उतरवणार का, विमा काढलाय का. पॅरासेलिंग किंवा स्कूबा असेल तर नोंदणीचा कागद मागा. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितलेली आहे.

अपघात झालाच तर आधी दवाखाना. मग त्याच दिवशी जागेचे फोटो, तिकीट, सोबतच्यांचे नंबर, डॉक्टरांचे कागद जपून ठेवा. “हजार-दोन हजार घ्या, इथे सही करा” म्हणणाऱ्याच्या कागदावर दवाखान्याच्या दारात सही करू नका. ग्राहक आयोगात जायला साधारण दोन वर्षांची मुदत असते आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही विचारता येतं.