समलिंगी प्रेमकथेत रहस्य येते कोठून?

समलिंगी प्रेमाच्या भारतीय कथेत रहस्यासाठी खून लागत नाही, लपविणे पुरते. सचिन कुंडलकर यांची २००६ मधील मराठी कादंबरी ‘कोबाल्ट ब्लू’ हे त्याचे ठळक उदाहरण. पुण्यातील एका घरात भाडेकरू येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा एकमेकांच्या नकळत त्याच्याच प्रेमात पडतात आणि एके दिवशी तो अनुजासह नाहीसा होतो. त्याचे नावही वाचकाला कळत नाही. अर्धी कथा तनय सांगतो, अर्धी अनुजा; धागे वाचकानेच जुळवायचे. यातील विनोद कडवट आहे: मुलगी गेली म्हणून घर हादरते, मुलाचे दुःख मात्र कोणाच्या ध्यानीही येत नाही.

जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी म्हैसूर-बंगळूरच्या कन्नड वाचकांसमोर वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ हा कथासंग्रह आला. कोणी ओळखले तर, ही धास्ती तेथेही आहेच. ती निराधार नव्हती. त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ वैध ठरविले होते. प्रौढांच्या सहमतीच्या संबंधांना त्यातून मुक्ती मिळाली ती ६ सप्टेंबर २०१८ रोजी. कुंडलकर यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात मात्र पुण्याऐवजी कोची आहे आणि काळ १९९६ चा.