तत्काळ छायाचित्रणातील प्रतिमेची स्पष्टता : एसएक्स-७० कॅमेऱ्याचा विचार

तत्काळ छायाचित्रणाचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यू यॉर्क येथे ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या सभेत दिले. त्याच परंपरेतील एसएक्स-७० हा घडीचा पोलरॉइड कॅमेरा १९७२ साली बाजारात आला. पोलरॉइडच्या तत्काळ फिल्मचे उत्पादन २००८ साली थांबले; तथापि नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथे नव्याने सिद्ध केलेली फिल्म २०१० पासून मिळू लागली आणि जुने कॅमेरे पुन्हा हाती घेतले गेले. या फिल्मला स्वतंत्र निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून बाहेर पडलेला कागद हीच मूळ व एकमेव प्रत होय. नव्या पाकिटात अशी आठच चित्रे असतात. त्यामुळे भिंग जुळविण्यात झालेली चूक मागाहून सुधारता येत नाही.

या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभ्यंतर ११६ मिलिमीटर असून त्याचे सर्वांत मोठे छिद्र नाभ्यंतराच्या एकअष्टमांश, म्हणजे सुमारे १४.५ मिलिमीटर व्यासाचे आहे. सुमारे ७९ मिलिमीटर बाजूच्या चित्रात ०.२ मिलिमीटरपर्यंतचा धूसरपणा डोळ्यास खपतो असे मानले, तर पूर्ण छिद्रावर ३ मीटर अंतरावरील वस्तूसाठी स्पष्टतेचे क्षेत्र सुमारे २.२ मीटरपासून ४.६ मीटरपर्यंत पसरते. वस्तू १ मीटरवर असता तेच क्षेत्र केवळ सुमारे २१ सेंटिमीटर उरते, आणि २६ सेंटिमीटर या किमान अंतरावर ते फार तर एक-दोन सेंटिमीटर असते. जवळचे चित्र घेताना काळजी का वाढवावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरे कारण प्रकाशाचे आहे. या कॅमेऱ्यात छिद्र व झडप यांचे कार्य एकाच जोडपात्यांकडे असते. भरपूर उजेडात पाती पुरती उघडण्यापूर्वीच मिटतात. छिद्र लहान राहते व स्पष्टतेचे क्षेत्र वाढते. मंद उजेडात मात्र छिद्र पूर्ण उघडते आणि उघडीपही लांबते. म्हणजे अंतराची चूक व हाताचा कंप हे दोन्ही दोष एकदमच बळावतात. अशा वेळी कॅमेरा तिपाईवर ठेवणे हाच खरा उपाय होय.

भिंग जुळविण्यासाठी दर्शकात पाहून चाक फिरवावे लागते. आरंभीच्या कॅमेऱ्यांत दर्शकपट साधा होता. पुढे त्यात द्विखंडित प्रतिमेचे वर्तुळ बसविण्यात आले. त्या वर्तुळाच्या विभाजनरेषेला छेदणारी एखादी ठळक कड, उदाहरणार्थ दाराची चौकट, निवडावी आणि तिचे दोन तुकडे एका रेषेत येईपर्यंत चाक फिरवावे. डोळा मध्यभागी नसल्यास वर्तुळाचा अर्धा भाग काळवंडतो. साध्या पटावर स्पष्टतेचा बिंदू एकदा ओलांडून मागे यावे. अगदी जवळच्या वस्तूसाठी चाक स्थिर ठेवून कॅमेराच किंचित मागेपुढे करणे अधिक सोयीचे ठरते.

१९७८ साली आलेल्या सोनार प्रकारात श्राव्यातीत ध्वनीचा प्रतिध्वनी परतण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर ठरते. १ मीटरवरील वस्तूसाठी हा वेळ सुमारे ६ सहस्रांश सेकंद असतो. ध्वनी खिडकीच्या काचेवरूनच परत फिरतो. म्हणून काचेपलीकडील दृश्यासाठी स्वयंचलित योजना बंद करून भिंग हाताने जुळवावे.

एवढे करूनही चित्र धूसर आले, तर दोषाचे निदान चित्रावरूनच करता येते. सर्व कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसल्या तर तो कंपाचा दोष. इच्छित वस्तू धूसर व तिच्या पुढची किंवा मागची स्पष्ट असेल तर तो अंतराचा दोष. त्याची खात्री करण्यासाठी मोजपट्टी तिरपी मांडून तिच्या एका आकड्यावर भिंग जुळवावे. प्रत्येक वेळी दुसराच आकडा त्याच बाजूस स्पष्ट उमटला, तर चूक हाताची नसून दर्शक व फिल्म यांच्या मेळातील आहे, आणि कॅमेरा दुरुस्तीस देणे प्राप्त आहे. या परीक्षेत दोन-तीन चित्रे खर्ची पडतात. पण पुढची सर्व पाकिटे त्यामुळे वाचतात.