‘रेडी’ म्हणजे नेमके काय? मोबाईलवरील फ्लॅटच्या शेऱ्यांविषयी



उसाची नोंद आणि उसाची तोड यांत किती अंतर असते हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. आडसालीची नोंद पावसाळ्यात होते, टोळी फडात उतरते ती सोळा-अठरा महिन्यांनी. त्यातही कार्यक्रमात नाव लागले म्हणून लगेच कोयता पडतो असे नाही. काट्याची पावती हाती आली की मगच ऊस गेला म्हणायचे. असा हिशेब अंगवळणी पडलेली आपली मंडळी मुंबईकडे नोकरीस असलेल्या मुलासाठी फ्लॅट पाहताना मात्र मोबाईलवरचा ‘रेडी टू मूव्ह’ एवढा शेरा वाचून बिलाची रक्कम काढायला निघतात, याचे आम्हाला नवल वाटते.

गेल्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदांनी असाच एक फ्लॅट आम्हाला दाखविला. त्यांचे चिरंजीव वसईला एका कंपनीत आहेत. फ्लॅट राजोडीकडचा. राजोडी हे वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव, नालासोपारा-विरारच्या पश्चिमेला. जाहिरातीत ‘विरार वेस्ट’ लिहिले होते, पण स्टेशनवरून रिक्षाने बरेच आत जावे लागते. गंमत अशी की तोच फ्लॅट मोबाईलवर चार ठिकाणी होता. एके ठिकाणी ‘रेडी टू मूव्ह’, दुसरीकडे ‘अंडर कन्स्ट्रक्शन’, तिसरीकडे ‘शेवटचे दोन फ्लॅट’, आणि चौथीकडे चक्क ‘सोल्ड आऊट’! दरही चार.

आम्ही त्यांच्याबरोबर जाऊन आलो. इमारत उभी होती, रंगही झाला होता. लिफ्टचा खड्डा मोकळा, पाणी टँकरचे. भोगवटा प्रमाणपत्र विचारले तर दलाल म्हणाला, “येतंय हो साहेब, फाईल टेबलावरच आहे.” मग हा ‘रेडी’चा शेरा मारला कोणी, असे विचारल्यावर त्याने सरळ सांगितले की आम्हीच भरतो. फ्लॅट विकला गेला तरी शेरा कोणी काढीत नाही, कारण त्यावर फोन येत राहतात; फोन आला की दुसरा फ्लॅट दाखविता येतो. ‘व्हेरिफाइड’ या खुणेचेही तसेच. पुष्कळदा तिचा अर्थ जाहिरात देणाराचा फोन नंबर तपासला एवढाच असतो, कागदपत्रे तपासली असा नव्हे. आमच्या सभासदांनी टोकन दिले नाही.

सांगावयाचा मुद्दा असा की मोबाईलवरचा शेरा हा विकणाराचा शब्द असतो, कोणत्याही कचेरीचा दाखला नसतो. ‘रेडी’ म्हणायला लागतो तो भोगवटा दाखला, म्हणजे ज्याला ओ.सी. म्हणतात तो, आणि तो देते महानगरपालिका किंवा तेथील नियोजन प्राधिकरण. येथे एक फसगत फार होते. दलाल म्हणतो “सी.सी. आहे.” आता सी.सी. म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगीही होते आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाही होतो. लागण आणि तोडणी यांना एकच नाव दिल्यासारखे हे आहे. म्हणून अक्षरे ऐकू नयेत, कागद मागावा. सातबाऱ्यावर बिनशेती लागले म्हणजे इमारतीला परवानगी मिळाली असेही नव्हे. ते दोन वेगळे कागद.

आणखी एक सोपी परीक्षा जी.एस.टी.ची. बिल्डरकडून बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर ५ टक्के जी.एस.टी. लागतो (४५ लाखांपर्यंतच्या लहान घराला १ टक्का). पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला तो लागत नाही. तेव्हा जाहिरातीत ‘रेडी’ आणि कोटेशनमध्ये जी.एस.टी., असे दिसले की समजावे, पाणी मुरते आहे.

आता ‘रेरा नोंदणीकृत’ या शेऱ्याविषयी. महाराष्ट्रात महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. क्रमांक ‘पी’ अक्षराने सुरू होतो तो प्रकल्पाचा, ‘ए’ ने सुरू होतो तो दलालाचा. दलालाचाच क्रमांक ठळक छापलेला आम्ही पाहिला आहे. मुलाला महारेराच्या साईटवर क्रमांक टाकावयास सांगावा. तेथे पूर्णत्वाची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख, तक्रारी, सर्व दिसते. मूळ तारीख दोनदा सरकलेली असेल तर जाहिरातीतील ‘पझेशन लवकरच’चा अर्थ आपोआप कळतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीची सक्ती नाही. लहान इमारतीला क्रमांक नाही म्हणून ती खोटी असे धरू नये. तेथे मग पालिकेचे कागदच पाहावयाचे.

नोंदणीवरही डोळे झाकून विसंबू नये, हे डोंबिवलीने दाखविले. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या, आणि त्याच कागदांवर महारेराची नोंदणीही मिळविलेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घेणाऱ्यांनी नोंदणी पाहिली होती, बँकांनी कर्जेही दिली होती. राजोडीहून फार लांब नसलेल्या नालासोपारा पूर्वेला सांडपाणी केंद्र व कचरा डेपोसाठी राखीव जागेवरील ४१ अनधिकृत इमारती २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांत वर्षानुवर्षे राहणारे होते. म्हणजे लोक राहतात, दिवे लागतात, एवढ्यावरूनही ‘रेडी’ ठरत नाही. परवानगीचा क्रमांक लिहून घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात तो खरा आहे का हे विचारावे. एक खेटा जास्त पडेल. ऊस बिलात भर घालून सोसायटीचे कर्ज काढणाराने तो घालावा.

पैशाच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. “आज दोन लाख द्या, उद्या दर वाढणार” असे कोणी म्हटले तर पावती व करारनाम्याचा मसुदा आधी मागावा.

आणि पाहिलेल्या जाहिरातीचा फोटो तारखेसह काढून ठेवण्यास मुलाला सांगावे, कारण व्यवहार बिघडला की जाहिरात मोबाईलवरून नाहीशी होते. बिल्डरच्या जाहिरातीतील खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरल्यामुळे नुकसान झाले तर भरपाई मागता येते, किंवा व्यवहार सोडून रक्कम व्याजासह परत मागता येते. तक्रार महारेराकडे ऑनलाईन होते. त्यासाठी मुंबईस हेलपाटा घालावा लागत नाही.